स्वतःची काळजी घेण्यास परवानगी मिळणेबाबत

अर्ज पहिल्यांदा परत आला तो त्यावर विषय लिहिला नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा परत आला तो विषय इंग्रजीत लिहिला होता म्हणून. तिसऱ्यांदा मात्र हेडसरांनीच लाल पेन काढलं आणि अस्मिताच्या वळणदार अक्षरावर काट मारून स्वतः विषय लिहून दिला : 'इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना स्वतःची काळजी घेण्यास परवानगी मिळणेबाबत.' खाली शेरा मारला, 'पालकांच्या संमतीपत्रासह तीन प्रतींत सादर करावे.'

खरं तर चूक अस्मिताचीच होती. कुठल्याशा कार्यालयातून शाळेला परिपत्रक आलं होतं की विद्यार्थ्यांमध्ये स्वतःची काळजी घेण्याविषयी जागृती करावी. हेडसरांनी ते नववी 'ब'च्या वर्गात वाचून दाखवलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. परिपत्रकाचं आयुष्य तिथेच संपायचं, पण अस्मिताने हात वर केला. "सर, स्वतःची काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?"

अस्मिताला असे प्रश्न पडायचे. पाण्याच्या टाकीवर कावळेच का बसतात, चिमण्या का नाही, इथपासून तिची सुरुवात होती. असे प्रश्न विचारणारी मुलं शिक्षकांना जूनमध्ये फार आवडतात. हा ऑक्टोबर होता. शिवाय आपल्याकडच्या सगळ्या कचेऱ्या, मंडळं आणि शाळा एकाच न लिहिलेल्या नियमावर चालतात, तो म्हणजे बोलेल तो करेल. "प्रश्न चांगला आहे," सर म्हणाले. "यावर तूच एक परिषद घे. आंतरशालेय. घाटकोपर ते मुलुंड सगळ्या शाळांना बोलवू."

परिषद आभासी घ्यायची हे सरांनीच ठरवलं, आणि त्यामागे अनुभव होता. मागच्या वर्षी वाचनसंस्कृतीवर परिषद भरवली होती, तेव्हा पाहुण्या शाळांनी वडापाव आधी खाल्ला आणि पहिल्या वक्त्याने 'वाचाल तर' म्हणेपर्यंत सभागृहात फक्त खुर्च्या उरल्या होत्या. ऑनलाइन म्हटल्यावर वडापावचा प्रश्नच मिटला. जे येतील ते विषयासाठी येतील, असं सरांचं गणित होतं.

मग परिषदेच्या परवानगीचा तो अर्ज मंजूर झाला आणि समिती झाली. चैतन्यला तांत्रिक प्रमुख केलं, कारण त्याने एकदा सरांच्या फोनमधली भजनाची रिंगटोन बंद करून दाखवली होती. सूत्रसंचालन शीतलकडे गेलं. शीतलने तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली की शाळेच्या फाटकाबाहेरचा रिक्षावाला थांबायचा, असा तिचा आवाज. अस्मिता संयोजक. संयोजकाने काय करायचं असतं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून तिने वही घेतली आणि मूळ प्रश्न घेऊन बिल्डिंगभर हिंडायला सुरुवात केली : तुम्ही स्वतःची काळजी कशी घेता?

ही वही पुढे छापायला हवी होती, असं माझं प्रामाणिक मत आहे. तळमजल्यावरचे भाऊ, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, यांनी उत्तर तोंडी द्यायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या लेटरहेडवर दिलं. त्यात सकाळी कोमट पाणी, दुपारी तक्रारवहीचं वाचन आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये फेरी, असा कार्यक्रम होता. पाचव्या मजल्यावरच्या सोनूबाईंनी आधी दार लोटून घेतलं. "कोणाक सांगू नको हां गो," त्या म्हणाल्या. "दुपारी सगळी निजली काय मी लिफ्टीत स्टूल घेऊन बसतंय. वर-खाली, वर-खाली. थंय पंखो आसा आणि कोण काय मागूक येणा नाय." लिफ्टच्या वाढत्या वीजबिलावर गेले वर्षभर सोसायटीत चर्चा चालू होती. अस्मिताने नाव न लिहिता फक्त 'एक महिला, लिफ्ट' एवढंच नोंदवलं.

पप्पांना, म्हणजे भीमराजना, प्रश्न समजायलाच वेळ लागला. ते ट्रॉम्बेला नोकरीला होते आणि पहाटे सहाला घर सोडायचे. बराच विचार करून ते म्हणाले, "माझी काळजी तुझी आई घेते." मग आईची काळजी कोण घेतं, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. त्यावर पप्पांनी पेपर उघडला.

आई, द्रौपदी, महापालिकेच्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स होती. तिला अस्मिताने दारात गाठलं, ती ड्युटीला निघताना. ती म्हणाली, "आल्यावर सांगते." आल्यावर पाणी आलं होतं. पाणी भरून झाल्यावर डबा होता आणि डब्यानंतर कपडे. वहीत आईच्या नावापुढची जागा कोरीच राहिली.

परिषदेच्या चार दिवस आधी पहिला दणका बसला. शाळेचे सगळे कॉम्प्युटर ज्या खोलीत होते ती खोली सरकारने कसल्याशा प्रशिक्षणासाठी ताब्यात घेतली आणि दाराला सील लावलं. "काही बिघडत नाही," हेडसर म्हणाले. "परिषद ऑनलाइनच आहे. कुणाच्या तरी घरून करा." चैतन्यच्या घरी अकरा माणसं होती आणि त्यातली तीन कायम भांडत असायची. शीतलची बिल्डिंग पाडायला काढलेली. राहिली अस्मिता. तिच्याकडे नेट नवं होतं, लॅपटॉप होता, आणि घर वन-रूम-किचन असलं तरी बाहेरची खोली लांबट होती. त्या खोलीच्या एका टोकाला दिवाण होता आणि दुपारी त्या दिवाणावर आई झोपायची.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती मटार सोलत होती. "शनिवारी दोन ते चार ना? माझ्या तीन नाइट झालेल्या असतील तोपर्यंत, त्या रात्री चौथी. मला दोन ते पाच झोप पाहिजे, अस्मि." तिने आणखी एक शेंग फोडली. "परवा इंजेक्शन भरताना हात थांबला माझा. किती भरायचं तेच आठवेना. काही झालं नाही, पुन्हा केसपेपर बघितला. पण थांबला."

आईचा हात थांबतो हे अस्मिताला माहीतच नव्हतं. "तू झोप," ती म्हणाली. "मध्ये पडदा लावते. तुला कोणी उठवणार नाही. शब्द देते."

"बघ हं," आई म्हणाली. "शब्द दिलास."

पडद्याचा प्रश्न भाऊंनी सोडवला. कार्यक्रम आहे म्हटल्यावर फ्लेक्स हवा, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. परिषद तर स्क्रीनवर आहे, फ्लेक्स बघणार कोण, असं चैतन्यने विचारलं, तर भाऊंनी उलट विचारलं, "मग परिषद आहे हे कळणार कसं?" सहा बाय चारचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी आला. त्यावर हात जोडलेले भाऊ होते, त्यांच्या खांद्यामागून सोसायटीची कमिटी डोकावत होती, आणि उजव्या कोपऱ्यात, भिंग घेऊन शोधल्यास, 'स्वतःची काळजी : आंतरशालेय आभासी परिषद' असं लिहिलेलं होतं. खोलीच्या मधोमध दोरी बांधून तो टांगला. पुढे लॅपटॉप, मागे दिवाण. एका दगडात दोन पक्षी, असं भाऊ म्हणाले, आणि त्या दिवशी तरी ते खरं वाटलं.

दुसरा दणका सत्काराचा. प्रमुख पाहुण्या होत्या मुलुंडच्या डॉक्टर पद्मजा ताम्हाणे, विषय 'झोप'. हेडसरांनी विचारलं, "शाल-श्रीफळाचं काय?" पाहुण्या मुलुंडला, आपण भांडुपला, नारळ स्क्रीनमधून कसा देणार, हे अस्मिताने नम्रपणे विचारून पाहिलं. सरांना तिचं नवल वाटलं. "सत्कार झाल्याशिवाय पाहुणे बोलतात का कधी?" तोडगा असा निघाला की शाल आणि नारळ आधी पाहुण्यांच्या घरी पोचवायचे. इकडे अस्मिताने कॅमेऱ्यासमोर दुसरी शाल पुढे करायची, तिकडे पाहुण्यांच्या घरातल्या कुणीतरी पहिली शाल त्यांच्या खांद्यावर टाकायची. बघणाऱ्याला एकच शाल वाटली पाहिजे. पोचवण्याची कामगिरी भाऊंनी स्वतःकडे घेतली. "मी शनिवारी स्वतः जातो," ते म्हणाले. "मुलुंडला माझी मावसबहीणसुद्धा आहे."

शनिवार उजाडला. आई सकाळी नऊला आली, तिने स्वयंपाक केला, पावणेदोनला युनिफॉर्म न बदलताच दिवाणावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून क्षणात झोपली. फ्लेक्सच्या अलीकडे सगळे चवड्यांवर चालू लागले. पप्पांनी अर्धी रजा टाकली होती आणि आदल्या संध्याकाळीच दारावरच्या बेलची वायर काढून ठेवली होती. ही हुशारी त्यांच्या अंगाशी आली. बेल वाजत नाही म्हटल्यावर येणारा प्रत्येकजण दार ठोकू लागला, आणि ठोकूनही कोणी बोलत नाही म्हटल्यावर जास्त जोरात. शेवटी पप्पा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि जिन्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही हातांनी थोपवू लागले. कुरिअरवाल्याला वाटलं घरात कोणी गेलं. तो चपला काढून दोन मिनिटं हात जोडून उभा राहिला आणि पार्सल न देताच निघून गेला.

बरोबर दोनला परिषद सुरू झाली. स्क्रीनवर ब्याण्णव चौकोन उमटले. शीतलने आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत सूत्रसंचालन केलं. "सर्व मान्यवरांचं हार्दिक स्वागत," ती म्हणाली, आणि तिच्या कपाळावरची शीर फुगली. लगेच खाली संदेशांची रांग लागली. आवाज येत नाही. आवाज वाढवा. विक्रोळीला ऐकू येत नाही. हेडसर आपल्या घरच्या चौकोनात बसले होते आणि त्यांना दिवाणाबद्दल काही कल्पना नव्हती. "प्रतिनिधी शांत स्वरात बोलत आहेत," त्यांनी प्रसंगावधान राखून सांगितलं, "हासुद्धा स्वतःची काळजी घेण्याचाच एक प्रकार आहे." त्यानंतर घाटकोपरच्या दोन शाळाही कुजबुजायला लागल्या.

मग दीपप्रज्वलन. अस्मिताच्या घरी समई नव्हती. शोकेसवर बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्यापुढे रोज संध्याकाळी मेणबत्ती लागायची. तीच लावायची ठरली होती. चैतन्यने काडी ओढली, ज्योत लागली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. ब्याण्णव चौकोन वाट बघत होते. चैतन्यने वर बघितलं. पंखा पाचवर गरगरत होता.

खोलीत पंखा एकच, आणि त्याच्या खाली फ्लेक्सच्या पलीकडे तीन रात्री जागलेली आई. ऑक्टोबरची दुपार, सव्वादोनची वेळ. अस्मिताने मान हलवून नाही म्हटलं. स्क्रीनमधून हेडसर म्हणाले, "ज्योत पेटल्याशिवाय पुढे जाता येणार नाही." चैतन्यने बटणाकडे हात नेला तेव्हा अस्मिता वही घेऊन फ्लेक्सच्या मागे पळाली. पंखा थांबेपर्यंत ती आईच्या डोक्याशी पोचली होती आणि सर्वेक्षणाच्या वहीने वारा घालत होती. आईच्या मानेवर घामाचा थेंब आला. अस्मिताने त्या थेंबावर नेम धरून वारा घातला. पलीकडे शीतल कुजबुजत ज्योतीवरची कविता म्हणत होती, आणि कविता चार कडव्यांची होती.

आई हलली नाही. पंखा सुरू झाला तेव्हा अस्मिताच्या जिवात जीव आला. तिला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं.

पण हे चकटफू खातं होतं, आणि चकटफू खात्यात चाळीस मिनिटांनी सभा आपोआप बंद पडते. चैतन्यला हे माहीत होतं, म्हणून त्याने चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग केले होते. त्याला माहीत नव्हतं ते हेडसरांचं प्रास्ताविक. ते तेविसाव्या मिनिटाला 'आणि म्हणूनच मला म्हणावंसं वाटतं की' इथपर्यंत आलं आणि ब्याण्णव चौकोन एकदम नाहीसे झाले. सरांना काय म्हणावंसं वाटत होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

नव्या दुव्यावरून सगळे परत आले, आणि सर म्हणाले, "नवी सभा आहे. नव्याने दीपप्रज्वलन करून घेऊ."

"सर, मघाशी झालं की," अस्मिता म्हणाली.

"ती सभा संपली ना पण. उद्घाटनाशिवाय सभेला बसायचं कसं?" बाकीच्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी आपापल्या चौकोनांत माना डोलावल्या. नियम म्हणजे नियम. पुन्हा काडी, पुन्हा पंखा बंद, पुन्हा अस्मिता वही घेऊन दिवाणापाशी. शीतलने त्याच चार कडव्यांची कविता पहिल्यापासून म्हटली.

सत्काराला मात्र बहार आली. अस्मिताने शाल कॅमेऱ्यापुढे धरली आणि मुलुंडच्या चौकोनात डॉक्टरबाईंच्या शेजारी अचानक भाऊ उगवले. त्यांनी घरच्यांवर काही सोपवलंच नव्हतं. त्यांनी स्वतःच शाल घातली, नारळ दिला, कॅमेऱ्याकडे बघून फ्लेक्सवरच्यासारखे हात जोडले आणि डॉक्टरबाईंच्या सोफ्यावर बसले. आभासी परिषदेला प्रत्यक्ष हजर राहिलेला हा एकमेव माणूस. पुढचा सगळा वेळ ते तिथेच होते. मध्ये त्यांचा चहा आला. मुलं पाणी किती प्यावं, मोबाइल किती पहावा यावर बोलत होती आणि भाऊंचा आवाज मागून स्पष्ट ऐकू येत होता, "ताई, ही खारी बिस्किटं कुठनं आणता? अजून दोन मिळतील का?"

एव्हाना सोनूबाई खाली आल्या होत्या. लिफ्टची गोष्ट कुणी फोडली तर नाही ना, हे बघायला आल्या असाव्यात, पण त्यांनी ओट्याचा ताबा घेऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. तिसरी सभा सुरू झाली. तिसऱ्यांदा दीपप्रज्वलन झालं, आता कुणी विचारलंसुद्धा नाही. वारा घालून अस्मिताचा दंड भरून आला होता, पण आई गाढ होती, कूससुद्धा बदलली होती आणि आता तिचं तोंड लॅपटॉपच्या दिशेला होतं. अस्मिताला मनातून नवल वाटत होतं. इतक्या गोंधळात माणूस इतकं गाढ झोपतं कसं, हे डॉक्टरबाईंना विचारायचं असं तिने ठरवून टाकलं.

डॉक्टरबाई छान बोलत होत्या. "झोप ही चैन नाही," त्या सांगत होत्या. "आपल्या घरात सगळ्यात कमी कोण झोपतं, हे जरा आठवून बघा." नेमक्या त्याच वेळी सोनूबाई चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून त्या खाली वाकून निघाल्या, त्यांचा खांदा दोरीला अडकला, भिंतीतला खिळा सुटला, आणि हात जोडलेले भाऊ कमिटीसकट जमिनीवर आले.

ब्याण्णव चौकोनांपुढे दिवाण होता. दिवाणावर पांढऱ्या युनिफॉर्ममधली एक बाई गालाखाली हात घेऊन झोपलेली होती.

मग खाली संदेश यायला लागले. प्रात्यक्षिक छान. कल्पना आवडली. मुलुंडच्या एका शाळेने टाळ्या वाजवणारे हात पाठवले. हेडसरांचा चेहरा उजळला. नववी 'ब' इतका विचार करू शकते, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरबाईही पुढे सरकल्या. "वा. मुलांनो, नीट बघा. ही गाढ झोप. त्यांचा श्वास बघा, किती संथ आहे."

शंभरेक माणसं आईचा श्वास बघू लागली. अस्मिता लॅपटॉपशेजारी उभी होती. परिषद सगळ्यांना आवडली होती, संयोजक म्हणून तिचं नाव होणार होतं, आणि तरीही तिला कसंतरीच झालं. घामाने चिकटलेले आईचे केस, किंचित उघडं तोंड, भेगा पडलेली टाच, हे सगळं घाटकोपरपर्यंत दिसत होतं. ती जाऊन कॅमेऱ्यापुढे उभी राहिली.

"अस्मिता, जरा बाजूला हो," हेडसर म्हणाले. "मुलांना दिसत नाहीये."

"सर, ती माझी आई आहे," अस्मिता म्हणाली. "नाइट करून आलीय." एवढं बोलून तिने लॅपटॉप उचलला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवला. उरलेलं भाषण ब्याण्णव चौकोनांनी सोनूबाईंच्या गाळण्याकडे बघत ऐकलं, आणि ते कुणी हूं की चूं न करता ऐकलं. आभारप्रदर्शन झालं नाही. चाळीस मिनिटं संपली होती.

साडेचारला सगळे चवड्यांवर निघून गेले. पाचला आई उठली. तिने आळोखेपिळोखे दिले आणि म्हणाली, "काय झोप लागली गं." अस्मिताला इतका आनंद झाला की तिला कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं. परिषद पार पडली होती आणि शब्दही पाळला गेला होता. ती आईला सगळं पहिल्यापासून सांगू लागली. आई अंबाडा बांधत ऐकत होती, हसत होती.

"भाऊंना मात्र सांगायला पाहिजे," आई पिन तोंडात धरून म्हणाली. "दुसऱ्याच्या घरी जाऊन बिस्किटं परत मागायची नसतात."

बिस्किटांचं अस्मिताने अजून सांगितलं नव्हतं.

"तू जागी होतीस?"

आईने पिन खोचली. मग दुसरी खोचली. "पंखा बंद झाला, तेव्हापासून."

"कुठल्या वेळी? तीनदा बंद झाला होता."

"पहिल्या वेळी."

अस्मिताने मनात हिशेब केला. सव्वादोन. म्हणजे जेमतेम अर्धा तास. त्यानंतर तिने घातलेला सगळा वारा जाग्या माणसाला घातला होता. "आणि फ्लेक्स पडला तेव्हा?"

"तेव्हा तर फारच जागी होते. ती डॉक्टरीण म्हणाली श्वास बघा, आणि मला श्वास कसा घेतात तेच आठवेना. नाकाला खाज सुटली होती. वीस वर्षं पेशंट झोपेचं सोंग घेतात ते मी ओळखते, पण ते इतकं अवघड असतं हे आज कळलं." ती हसली. अस्मिता हसली नाही. तिला आईचा राग आला होता, आणि तो आईचा नव्हता हेही तिला कळत होतं.

"मग उठायचं ना. उठून ओरडायचं. मी बंद केलं असतं सगळं."

"तू शब्द दिला होतास ना, उठवणार नाही म्हणून," आई म्हणाली. "मी उठले असते तर तुझा शब्द मोडला असता."

एवढं बोलून ती कांदा घ्यायला ओट्याकडे वळली. आठला ड्युटी होती, त्याआधी दोन पोळ्या व्हायच्या होत्या. अस्मिताने तिच्या हातातला कांदा काढून घेतला. पंखा पाचवर केला, खिडकी ओढून घेतली, आईला दंडाला धरून दिवाणापर्यंत नेलं आणि अंगावर चादर टाकली. आई काहीतरी म्हणत होती, पण अस्मिताने ऐकून घेतलं नाही. पप्पांना तिने खुणेने बाहेर यायला सांगितलं. दोघांनी दार हळूच ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

हेडसरांचा फोन आला. परिषदेचा अहवाल तीन प्रतींत हवा होता. अस्मिताने फोन बंद केला. थोड्या वेळाने भाऊ मुलुंडहून परतले, हातात खारीचा पुडा घेऊन. त्यांना खूप काही सांगायचं होतं. अस्मिताने ओठांवर बोट ठेवलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, भाऊ चप्पल हातात घेऊन खाली उतरले.

सहा वाजून गेले. आतून कसलाच आवाज येत नव्हता.

"जाऊन बघ की," पप्पा हळूच म्हणाले. "लागली का झोप?"

अस्मिताला फार बघावंसं वाटत होतं. एवढ्या दिवसांत इतकं काही जाणून घ्यावंसं तिला वाटलं नव्हतं. तिने उठून कडीला हात लावला, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि परत येऊन पायरीवर बसली.

"नको," ती म्हणाली. "आपण बघायला गेलो तर तिला परत झोपल्यासारखं करावं लागेल."